८५ वा आणि ९८ वा: वेगाच्या एकाच यादीतले दोन पर्सेंटाइल

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर स्पीड गनने दोनशे मोटारींचे वेग टिपले, की त्या एकाच यादीतून ८५ वा पर्सेंटाइलही निघतो आणि ९८ वाही. यादी तीच, सूत्र तेच, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा लिहिला गेला तरी पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. पण दोघांची कामं वेगळी आहेत, आणि मोजणीतली प्रत्येक चूक दोघांना सारखी भोवत नाही.

८५ वा पर्सेंटाइल (शाळेच्या पुस्तकातला शतमक) म्हणजे असा वेग, की ८५ टक्के गाड्या तेवढ्या किंवा त्याहून कमी वेगाने जातात. सर्वाधिक वेगाचे ८५ टक्के, असा अर्थ अजिबात नाही. वेगमर्यादा ठरवताना हा आकडा बघतात, कारण बहुतेक चालक रस्ता बघूनच वेग धरतात असं त्यात गृहीत आहे. शाळा किंवा बाजार जवळ असेल तर तेवढ्यावर मर्यादा ठरवू नये. पायी चालणाऱ्याचा जीव या यादीत कुठेच मोजलेला नसतो. ९८ वा लागतो रस्त्याच्या आखणीला: वळणाची त्रिज्या, उतार, चालकाला पुढचं किती दिसायला हवं ते अंतर.

आता हिशोब. समजण्यासाठी घेतलेले हे आकडे, वेग ताशी किलोमीटरमध्ये: २०–३० मध्ये ६ मोटारी, ३०–४० मध्ये ३४, ४०–५० मध्ये ७२, ५०–६० मध्ये ५४, ६०–७० मध्ये २६, ७०–८० मध्ये ६ आणि ८०–९० मध्ये २. बेरीज करत गेलं की ६, ४०, ११२, १६६, १९२, १९८, २००. ८५ टक्के म्हणजे १७० वी मोटार. ती ६०–७० च्या गटात पडते. त्याआधी १६६ झाल्या, उरल्या ४, गटात २६, गटाची रुंदी १०. म्हणून ६० + (४ ÷ २६) × १० = ६१.५. ९८ टक्के म्हणजे १९६ वी: ७० + (४ ÷ ६) × १० = ७६.७.

सगळ्यात जास्त चुकतं ते आलेख काढताना. संचयी टक्केवारी (त्या वेगापर्यंतच्या सगळ्या मोटारींची मिळून) गटाच्या वरच्या टोकाशी मांडायची असते: ६० च्या खाली ८३ टक्के, ७० च्या खाली ९६ टक्के. सरासरी काढताना मध्यबिंदू घेतलेला असतो, म्हणून हात सवयीने इथेही ५५ आणि ६५ वर ठिपका देतो. मग ८५ वा ५६.५ येतो आणि ९८ वा ७१.७. दोन्ही बरोबर ५ ने कमी, म्हणजे गटाच्या अर्ध्या रुंदीने. वक्र दिसायला तसाच सुबक असतो, म्हणून ही चूक नजरेने सापडत नाही. ८३ टक्क्यांचा ठिपका कुठल्या वेगावर बसलाय ते तपासा.

दोन आकड्यांची अदलाबदल किती महागात पडते ते थांबण्याच्या अंतरात दिसतं. प्रतिक्रियेला २.५ सेकंद आणि घर्षण गुणांक ०.३५ धरला तर सपाट रस्त्यावर ६१.५ ला सुमारे ८५ मीटर लागतात, ७६.७ ला सुमारे १२०. वळणाच्या आतल्या बाजूची भिंत किंवा दुभाजकातली झाडं ८५ मीटरच्या हिशोबाने ठेवली, तर वेगाने येणाऱ्याला ३५ मीटर कमी पडतात.

तरीही ९८ व्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. वरच्या यादीत त्याच्या पलीकडे फक्त चार मोटारी आहेत. ८०–९० मधल्या दोन नोंदी गनच्या चुकीच्या होत्या म्हणून काढल्या, तर ८५ वा ६१.५ वरून ६०.९ वर येतो, पण ९८ वा ७६.७ वरून थेट ७३.४ वर. म्हणून नमुना मोठा लागतो. वेगांचं वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचं), प्रमाण विचलन (सरासरीभोवतीची पसरण) ताशी ८ किलोमीटर, चुकीची मुभा ताशी २ किलोमीटर आणि विश्वासपातळी ९५ टक्के धरली, तर सरासरीला ६२ गाड्या पुरतात, ८५ व्याला ९५, आणि ९८ व्याला १९१. शंभर गाड्यांवर ८५ वा खुशाल सांगा. ९८ वा सांगू नका.

गाड्या सरमिसळ झाल्या की उलटं घडतं. याच दोनशे मोटारींत ५० ई-रिक्षा मिसळल्या (त्यांची कमाल मर्यादाच ताशी २५ किलोमीटर) तर ८५ वा ५९.४ वर उतरतो, ९८ वा ७५ वर. आता जास्त घसरला तो ८५ वा. कुणीही वेग कमी केलेला नसताना वेगमर्यादा खाली आणायचं कारण कागदावर तयार झालं. म्हणून दुचाकी, मोटारी, ट्रक, ई-रिक्षा वेगळ्या मांडाव्यात आणि मगच एकत्र आकडा काढावा.

जागाही बघून निवडा. पलासिया ते गीता भवन या टप्प्यात गाडी एका सिग्नलवरून सुटते ती दुसऱ्यापाशी थांबायला. तिथे मोकळा वेग मिळत नाही. राजवाड्याजवळ तर विचारूच नका. सिग्नलपासून लांब, सरळ टप्पा घ्या, आणि ज्या गाडीच्या पुढे मोकळी जागा आहे तिचाच वेग टिपा. घोळक्यातली मागची गाडी पुढचीच्या वेगाने चाललेली असते. रंगपंचमीच्या गेरीचा (मिरवणुकीचा) दिवस टाळा. गन रस्त्याच्या दिशेशी २० अंशांत धरली तर ती खरा वेग ६ टक्क्यांनी कमी दाखवते: ७६.७ चे ७२. दहा अंशांत फरक दीड टक्क्यावर येतो.

एक्सेलमध्येही दोन फंक्शनं आहेत, पर्सेंटाइल.इंक (PERCENTILE.INC) आणि पर्सेंटाइल.एक्स (PERCENTILE.EXC). पहिलं (एकूण उणे १) × ०.९८ + १ या क्रमांकावर जातं, दुसरं (एकूण अधिक १) × ०.९८ वर. दोनशे गाड्यांत हे १९६.०२ आणि १९६.९८ होतात, म्हणजे जवळजवळ एका गाडीचा फरक. ८५ व्यापाशी गाड्या दाट असल्याने तो दिसतही नाही, ९८ व्यापाशी मात्र यादीतल्या सलग दोन गाड्यांच्या वेगात ताशी २–३ किलोमीटरचा फरक असू शकतो. गाड्या ४९ पेक्षा कमी असतील तर ९८ व्यासाठी पर्सेंटाइल.एक्स उत्तर न देता एरर दाखवतं. अशा वेळी फंक्शन बदलून आकडा मिळवू नका, आणखी गाड्या मोजा.