रिकाम्या मिनिटांचं गणित

माणूस रिकामा बसलेला दिसला की मालकाचा जीव खालीवर होतो. इतवारीतली गादी असो, सीताबर्डीतलं दुकान असो की बुटीबोरीचा कारखाना, समज एकच: माणसं आणि यंत्रं जितकी सतत कामात, तितका धंदा चोख. हा समज चुकीचा आहे. तो चुकीचा का, हे कळायला बराच काळ गेला, कारण धंद्याचं काम सुधारण्याचं सुरुवातीचं संशोधन याच समजावर उभं होतं.

तेव्हा सगळं लक्ष वेगावर होतं. नागपुरात १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत तिथे सूत कातणारे रिंग स्पिंडल बसवून पाहिले गेले. जुन्या म्यूल यंत्रावर आधी सूत ओढून पीळ द्यायचा, मग ते गुंडाळायचं. रिंगवर दोन्ही कामं एकदमच, न थांबता होत. इंग्लंडच्या गिरण्या म्यूलला चिकटून असताना नागपुरात हा प्रयोग झाला, याचा मला अभिमान वाटतो.

अमेरिकेत फ्रेडरिक टेलर स्टॉपवॉच घेऊन मजुरांच्या शेजारी उभा राहिला. दिवसाला साडेबारा टन लोखंड वाहणारा मजूर साडेसत्तेचाळीस टन वाहू शकतो, असा त्याचा दावा होता. १९११ मध्ये त्याने आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. १९१३ मध्ये फोर्डच्या कारखान्यात मोटारी सरकत्या पट्ट्यावर जोडल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी फोर्ड हॅरिस नावाच्या इंजिनिअरने एका वेळी किती माल मागवावा याचं सूत्र दिलं. मालसाठ्याचं गणित शिकवताना आजही त्याच सूत्रापासून सुरुवात होते.

ही मंडळी मुख्यतः कामाचा वेळ आणि खर्च मोजत होती. दोन कामांच्या मधला वेळ, म्हणजे वाट पाहण्याचा वेळ, गणितात आणला तो डेन्मार्कच्या आग्नर एरलांगने. तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता. फोन कधी येईल याचा नेम नसतो, मग लाईन किती आणि ऑपरेटर किती ठेवायचे? १९०९ मध्ये त्याने या प्रश्नाला संभाव्यतेचं गणित लावलं. रांगेचा सिद्धांत तिथून सुरू झाला, आणि या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच.

कळमना मार्केटमधला एखादा धरमकाटा डोळ्यापुढे आणा. आकडे मी हिशेबासाठी घेतले आहेत. एक गाडी तोलायला सरासरी ३ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला २० गाड्यांची क्षमता. गाड्या कधीही येतात आणि प्रत्येकीला लागणारा वेळही कमीजास्त असतो. तासाला १० गाड्या आल्या तर काटा निम्मा वेळ रिकामा राहतो, आणि गाडीला सरासरी ३ मिनिटं थांबावं लागतं. १६ आल्या तर १२ मिनिटं. १८ आल्या तर २७ मिनिटं. आणि १९ आल्या तर ५७ मिनिटं! तासाला एकच गाडी वाढली आणि थांबण्याचा वेळ दुपटीच्याही वर गेला. काट्याला मात्र अजून तासातली ३ मिनिटं मोकळी आहेत.

असं का होतं? रिकामं मिनिट साठवून ठेवता येत नाही. सकाळी दहा मिनिटं काटा मोकळा होता, ती गेली. पण अकरा वाजता पाच गाड्या एकदम आल्या तर ती गर्दी पुढे सरकत राहते आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला भोवते. ती फिटायला मोकळा वेळच लागतो, आणि काटा जवळजवळ भरलेला असेल तर तो मिळतच नाही.

थांबण्याच्या वेळाचं सूत्र असं: वापराचं प्रमाण (काटा किती वेळ कामात असतो ते) भागिले, एक वजा वापराचं प्रमाण, त्याला एका कामाच्या सरासरी वेळाने गुणायचं. वापर ०.९ असेल तर ०.९ भागिले ०.१, म्हणजे ९. गुणिले ३ मिनिटं, २७. वापर १ च्या जवळ गेला की भाजक शून्याकडे जातो आणि उत्तर आवाक्याबाहेर. १९६१ मध्ये जॉन किंगमन याने त्यात अनियमितता घातली: आवक किती विस्कळीत आणि कामाचा वेळ किती कमीजास्त, या दोन्हींच्या विचलनांकांच्या (सरासरीच्या मानाने चढउतार किती, ते सांगणाऱ्या आकड्यांच्या) वर्गांची सरासरी काढून तिनेही गुणायचं. गाडी तोलायला दर वेळी अचूक ३ मिनिटंच लागली, तर २७ ची साडेतेरा मिनिटं होतात, काट्याचा सरासरी वेग तेवढाच राहूनही. त्याच वर्षी जॉन लिटलने एक सोपा नियम सिद्ध केला: आवारातल्या सरासरी गाड्या म्हणजे तासाला येणाऱ्या गाड्या गुणिले प्रत्येकीचे आवारातले सरासरी तास.

दुसऱ्या महायुद्धातलं संक्रियात्मक संशोधन (गणिताने कामं आखण्याचं शास्त्र), मर्यादित साधनांची उत्तम वाटणी काढणारी १९४७ ची डॅन्टझिगची सिम्प्लेक्स पद्धत, टोयोटात ताइइची ओहनोने घडवलेली गरजेपुरतंच उत्पादन करण्याची रीत, हे मोठे टप्पे आहेत आणि प्रत्येकावर वेगळा लेख हवा. टोयोटाबद्दल इतकंच सांगतो की तिथे कामाची आवक समान राखण्यावर भर होता, म्हणजे किंगमनच्या सूत्रातली अनियमितताच कमी केली जात होती.

गर्दी आवरत नाही म्हणून गल्ल्याची दिशा बदलणारे आणि गेट ईशान्येला नेणारे दुकानदार मी पाहिले आहेत. वरच्या सूत्रात दिशेला जागा नाही. आणि एआयचं सॉफ्टवेअर घेतलं की रांगा संपतील असं सांगणाऱ्यांनाही हे सूत्र लागू आहे. सॉफ्टवेअरने आवकेचा अंदाज सुधारेल, पण काटा ९५ टक्के भरलेला आणि गाड्या वाटेल तेव्हा येणाऱ्या असतील, तर रांग राहणारच.

आंबिया बहाराची संत्री येऊ लागतात तेव्हा रांगेतला वेळ म्हणजे फळाचं घटणारं वजन. तेव्हा दोन गोष्टी करून पाहण्यासारख्या आहेत. एक, गाड्यांना येण्याच्या वेळा वाटून द्याव्यात. दुसरी, दोन काटे असतील तर दोन रांगा न लावता एकच लावावी आणि जो काटा मोकळा होईल तिथे पुढची गाडी न्यावी. प्रत्येक काट्यावर तासाला १८ गाड्या असतील तर वेगळ्या रांगांत २७ मिनिटं जातात, एका रांगेत सुमारे १३. आपल्याकडचा खरा आकडा काढायला गेटवर घड्याळ आणि वही घेतलेला एक माणूस पुरतो. गाडी कधी आली, काट्यावर कधी चढली, कधी उतरली, एवढं त्याने आठवडाभर लिहावं.