पार्श्वभूमी: कोल्टच्या लष्करी रिव्हॉल्व्हरवरचे न जुळणारे नंबर

लिलावाच्या यादीत ‘सर्व नंबर जुळणारे’, म्हणजे शस्त्राच्या प्रत्येक भागावर ठोकलेला अनुक्रमांक एकच, असं छापलेलं दिसलं की अमेरिकी लष्करासाठी बनलेल्या कोल्ट सिंगल ॲक्शन (दर गोळीआधी हातोडी अंगठ्याने मागे ओढावी लागते अशा) रिव्हॉल्व्हरची बोली वर सरकते. मात्र याच रिव्हॉल्व्हरची एक जात अशी आहे की तिच्यावरचे सगळे नंबर जुळले तर जाणकार आधी भिंग काढतात. ही जात म्हणजे साडेपाच इंची नळीची, संग्राहक जिला ‘आर्टिलरी’ म्हणतात ती. हा उलटा न्याय कुठून आला हे कळायला १८९५ नंतरची काही वर्षं नीट पाहावी लागतात. त्याआधीचं थोडक्यात उरकता येतं.

१८७३ मध्ये लष्कराने .४५ कॅलिबरचं, साडेसात इंची नळीचं हे मॉडेल घोडदळासाठी घेतलं. पहिलीच मागणी आठ हजारांची होती आणि १८९१ पर्यंत सुमारे ३७ हजार नग खरेदी झाले. कोल्टच्या हार्टफर्डमधल्या कारखान्यात लष्करी आणि नागरी मालाला वेगळे अनुक्रमांक नव्हते, एकच मालिका पुढे सरकत राहायची. त्यामुळे नुसत्या नंबरावरून नग छावणीत गेला होता की दुकानात, हे कळत नाही. ते कळतं बाकीच्या खुणांवरून. फ्रेमच्या, म्हणजे मुख्य सांगाड्याच्या, डाव्या अंगाला ‘यू. एस.’, नळीवर आणि सिलिंडरवर (गोळ्या भरायच्या फिरत्या भागावर) चाचणीचा ‘पी’, आणि अक्रोडाच्या एकसंध मुठीवर सरकारी निरीक्षकाच्या आद्याक्षरांचा चौकटीतला शिक्का. निरीक्षक बदलला की अक्षरं बदलायची. सुरुवातीच्या नगांवर ओ. डब्ल्यू. ए., १८८० च्या दशकात बराच काळ डी. एफ. सी., अगदी शेवटच्या खेपेवर आर. ए. सी. फ्रेमवरच्या पेटंटच्या तारखाही काळ सांगतात. आधी १८७१ आणि १८७२ च्या दोनच होत्या, पुढे १८७५ ची तिसरी आली.

नंबर किती ठिकाणी असतो हे इथे महत्त्वाचं आहे. फ्रेमखाली, ट्रिगर गार्डवर (चापाभोवतीच्या कड्यावर) आणि मुठीच्या मागच्या पट्टीच्या बुडाशी तो काही न उघडता वाचता येतो. सिलिंडरवर आणि नळीवर कधी पूर्ण, तर कधी शेवटचे चार आकडे. नळीवरचा पाहायला बहुधा इजेक्टरचं (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांडीचं) आवरण उतरवावं लागतं, म्हणून विकणारा तो पटकन दाखवत नाही. लाकडी मुठीच्या आतल्या पोकळीतही नंबर लिहिलेला असे, पण घाम, तेल आणि दीडशे वर्षं यांतून तो सहसा वाचत नाही.

१८९२ पासून लष्कर .३८ च्या डबल ॲक्शन (चाप ओढला की हातोडी आपोआप मागे जाते अशा) रिव्हॉल्व्हरकडे वळलं आणि जुनी .४५ भांडारांत साठत गेली. मग १८९५ च्या सुमारास ती दुरुस्त करून, नळी दोन इंचांनी कापून पुन्हा वापरात आणायचं ठरलं. काम आधी काही प्रमाणात मूळ कारखान्यात आणि नंतर मुख्यतः स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात झालं. ते पुढच्या शतकाच्या पहिल्या वर्षांपर्यंत चाललं.

वाद आहे तो शस्त्रागारातल्या या कामाच्या पद्धतीवर. रिव्हॉल्व्हर शेकड्यांनी सुटी करायची, एका जातीचे भाग एकत्र टाकायचे, घासूनपुसून, नवं पॉलिश आणि रंग देऊन हाताला येतील तसे परत जोडायचे. कोणत्या फ्रेमवर कोणती नळी होती याची चिंता कुणी केली नाही. परिणामी १८७४ ची फ्रेम, १८८० च्या दशकातलं सिलिंडर आणि तिसऱ्याच नगाचा ट्रिगर गार्ड एकाच मुठीखाली आले. भागांवर वेगवेगळे नंबर असलेली आर्टिलरी हा अपवाद नाही, तोच नियम आहे. मुठीवर नवा शिक्का पडला तो आर. ए. सी. हाच. म्हणजे ही अक्षरं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. साडेसात इंची नळीच्या, नंबर जुळणाऱ्या १८९० च्या नगावर ती मूळ तपासणीची, आणि साडेपाच इंचीवर दुरुस्तीनंतरच्या तपासणीची.

या निर्णयावर संग्राहकांची एक फळी आजही चिडून आहे. त्यांच्या मते लष्कराने स्वतःच्याच हाताने हजारो नगांची ओळख पुसली. निरीक्षकाने एकेक भाग तपासून मारलेल्या लहान अक्षरांचा अर्थ गेला आणि कोणतं शस्त्र कोणत्या पलटणीत होतं हा माग तुटला. दुसरी बाजू म्हणते की सुटे भाग अदलाबदल होण्यासारखे बनवणं हाच त्या काळच्या शस्त्रागाराचा अभिमान होता. मापात बसला तो भाग चांगला, नंबर फक्त हिशेबापुरता. मला दुसरी बाजू जास्त पटते. त्या वेळच्या कारागिराला पुढच्या शतकातल्या लिलावाची काळजी असण्याचं काही कारण नव्हतं. शिवाय ही जोडणी सरकारी हुकमाने, सरकारी निरीक्षकाच्या शिक्क्यानिशी झाली. तिला ‘मिसळ माल’ म्हणून हिणवायचं आणि कुण्या दुकानदाराने जुळवलेल्या नगाला मान द्यायचा, हे तर्कात बसत नाही.

नळी कापण्यामागे फिलिपिन्समधली लढाई होती, असं अजून सर्रास लिहिलं जातं. .३८ ची गोळी तिथे कमी पडली आणि जुन्या .४५ ची मागणी वाढली हे खरं, पण तिथलं युद्ध १८९९ मध्ये सुरू झालं. कापाकापी त्याच्या काही वर्षं आधीपासून चालू होती. तोफखान्यालाच ती दिली गेली म्हणून हे नाव, हीदेखील अर्धी गोष्ट. काही तोफखान्याकडे गेली, पण हा वापर तेवढ्यापुरता नव्हता आणि नाव रुळवलं ते नंतरच्या संग्राहकांनी.

नंतर ही शस्त्रं निरुपयोगी माल म्हणून विकली गेली. मोठ्या व्यापाऱ्यांनी ती घाऊक घेतली, छापील यादीतून किरकोळीत विकली आणि उरलेल्या भागांतून आणखी काही जोडली. तोवर नंबराकडे कुणी पाहत नव्हतं. चित्र बदललं १९५० च्या दशकात. अमेरिकी टीव्हीवर काउबॉय मालिकांची लाट आली, या रिव्हॉल्व्हरला गिऱ्हाईक मिळू लागलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थांबलेलं उत्पादन कारखान्याने १९५६ मध्ये पुन्हा सुरू केलं. जुन्या नगांचे भाव चढले, त्यातही घोडदळाच्या साडेसात इंचीचे जास्त. मग आर्टिलरीला लांब नळी बसवून, जुने आकडे घासून नवे ठोकून तिची ‘कॅव्हलरी’, म्हणजे घोडदळाची साडेसात इंची, करण्याचा धंदा बोकाळला. लष्कराने जे मिसळलं त्याची खूण तरी ठेवली होती. या मंडळींनी ती खूणच खोडली.

असं काम पकडायचं ते नंबराच्या आजूबाजूला. नवा ठसा मारताना धातू कडेला किंचित उचलला जातो आणि भिंगाखाली आकड्याभोवती बारीक वरंबा दिसतो. वापरलेल्या शस्त्रावर हा वरंबा झिजून गेलेला असतो. घासून आकडे काढले असतील तर तिथला पृष्ठभाग अगदी थोडा खोलगट लागतो आणि पॉलिशच्या चाकामुळे स्क्रूच्या भोकांच्या कडा गोलावतात. खालचा भाग झिजून गुळगुळीत झालाय, पण मुठीवरचा शिक्का काल मारल्यासारखा टोकदार आहे, असं दिसलं तर शिक्का कालचाच समजावा. नळीच्या वरच्या अंगाला कारखान्याचा पत्ता असतो, त्याची जागाही बोलते. साडेसात इंचीवरून कापलेल्या नळीवर पत्ता तोंडाकडे सरकल्यासारखा दिसतो. ‘आर्टिलरी’ म्हणून पुढे केलेल्या नगावर तो नीट मधोमध असेल तर नळी बहुधा नागरी नगाची आहे.

कारखान्याकडून मिळणाऱ्या पत्राबद्दल बराच गैरसमज आहे. नंबर कळवून फी भरली की तो नग कोणत्या तारखेला, कुणाकडे रवाना झाला हे जुन्या वह्या पाहून लिहून मिळतं. पण ते पत्र नंबराबद्दल असतं, हातातल्या लोखंडाबद्दल नव्हे. आरसी बुकाशी चेसिस नंबर जुळला म्हणून दार आणि बोनेट त्याच गाडीचं ठरत नाही, तसंच हे. त्यात लष्करी खेपांच्या नोंदी मोघम असतात. सरकारी निरीक्षकाच्या हवाली केल्या एवढंच, पुढे कुठे गेल्या ते नाही. ही उणीव भरायला काही अभ्यासकांनी राष्ट्रीय अभिलेखागारातून पलटणींच्या नोंदींतले नंबर शोधून छापले. ते काम मोलाचं, पण बनावट करणाऱ्यांच्याही हाती आयती यादी आली. जून १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत घोडदळाच्या ज्या रेजिमेंटचा धुव्वा उडाला, तिच्याकडे सुरुवातीच्या काही हजारांतले नग होते असं मानलं जातं. त्या पट्ट्यातला नंबर म्हणजे किंमत कितीतरी पट, आणि संशयही तितकाच. त्या पट्ट्यातली फ्रेम आर्टिलरीत सापडली, तर बाकी चार भाग परके असूनही गिऱ्हाईक जादा पैसे मोजतं.

अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक कायद्याने आणखी एक रेघ ओढली. १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र ते ‘अँटिक’. इथे फ्रेम कधी बनली हे पाहतात. त्यामुळे १९०० मध्ये जोडलेली आर्टिलरीसुद्धा अँटिकच, कारण तिची फ्रेम फार तर १८९१ ची. दुकानी मालात ही रेघ सुमारे १ लाख ८२ हजार या नंबराशी पडते आणि तिथेही आकड्यांशी खेळ करायचा मोह सुटलेला नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यात वर्षाची अशी रेघ नाही. जुन्या घडणीचं किंवा पुराणमूल्य असलेलं, दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा शस्त्रालाच सूट आहे. तेव्हा आजोबांच्या ट्रंकेत चालू स्थितीतलं जुनं रिव्हॉल्व्हर निघालं तर त्यावर कोणत्याही सालचे शिक्के असोत, ते परवान्याच्या कक्षेतच येतं.