वसंतातील हिमस्खलन

वसंतातील हिमस्खलन : हिवाळाभर डोंगरउतारावर साचलेला बर्फ मार्च ते मे या काळात उन्हाने आतपर्यंत भिजून, जड व सैल होऊन खाली घसरण्याची क्रिया. यालाच ओले हिमस्खलन म्हणतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात बर्फ पडत नाही, तरीही हा विषय इथल्या मराठी माणसाला परका नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे आणि या पट्ट्यातले अनेक जवान हिमालयातील चौक्यांवर असतात. शिवाय राजहंसगड, जांबोटी, कणकुंबीच्या वाटा तुडवून तयार झालेली तरुण मंडळी उन्हाळी सुट्टीत गोवा एक्सप्रेसने दिल्ली गाठतात आणि पुढे कुलू किंवा उत्तरकाशीकडे जातात. सुट्टीचे हे दिवस आणि बर्फ भिजण्याचे दिवस नेमके एकच असतात.

ताज्या कोरड्या बर्फाचे वजन घनमीटरला साधारण १०० किलो किंवा त्याहून कमी असते. भिजलेला बर्फ ४०० किलोंच्या पुढे जातो. वितळलेले पाणी थरांतून झिरपून कणांमधली पकड सोडवते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर मग स्वतःच्या भारानेच थर सुटतो. ओला बर्फ कोरड्यापेक्षा सावकाश येतो, पण थांबताक्षणी इतका घट्ट बसतो की अडकलेल्याला हातही हलवता येत नाही.

सह्याद्रीत वावरलेल्या माणसाची इथेच फसगत होऊ शकते. चोर्ला घाटात दरडीची धास्ती मुसळधार पावसात असते आणि ऊन पडले की माणूस निर्धास्त होतो. वसंतातल्या बर्फावर मात्र स्वच्छ, ऊबदार दुपारच घातक. नवा बर्फ पडून गेल्यावर पहिले एकदोन दिवस विशेष धोक्याचे. पूर्वेकडचे उतार सकाळीच तापतात, मग दक्षिणेचे आणि दुपारनंतर पश्चिमेचे.

त्याहून महत्त्वाची आदली रात्र. आकाश निरभ्र असले की बर्फाचा वरचा थर गोठून टणक होतो आणि पहाटे त्यावरून बिनघोर चालता येते. ढगाळ रात्री तो गोठत नाही. वळवाच्या दिवसांत आपल्याकडे ढगाळ रात्री उकडते, कारण ढग जमिनीची ऊब अडवतात. तिथेही तेच घडते. अशा रात्रीनंतर खिंड ओलांडण्याचा बेत पुढे ढकलणेच योग्य. एरवीही पहाटे तीन-चारला निघून ऊन चढण्याआधी उतार पार करावा.

बूट घोट्याच्या वर रुतू लागणे, उतारावरून बर्फाचे लहान गोळे आपोआप घरंगळणे, पायाखाली ‘धप्प’ असा आवाज होऊन थर खचणे ही परत फिरण्याची चिन्हे आहेत. नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, मुक्काम करू नये. उतार एकेकाने पार करावा. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी.

गाडला गेलेला माणूस मुख्यतः गुदमरून मरतो. पंधरा मिनिटांत बाहेर काढल्यास दहापैकी सुमारे नऊ जण वाचतात. पस्तीस मिनिटांनंतर तीनच्या आसपास. म्हणजे वाचवणारे सोबतीच असतात, खालून येणारे पथक नव्हे. त्यासाठी प्रत्येकाजवळ संदेश देणारा-घेणारा बीकन (गाडलेल्याची जागा शोधून देणारे लहान रेडिओ यंत्र), जोडून लांब होणारी शोधकाठी आणि फावडे हवे, आणि ती वापरण्याचा सराव हवा. ट्रेकचे पैसे भरण्याआधी आयोजकांना हे स्पष्ट विचारावे.

धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये गाडले गेले आणि सहाव्या दिवशी जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्यासोबतचे नऊही जवान वाचले नाहीत. ती घटना ऐन हिवाळ्यातली. इतके दिवस तग धरणे हा विलक्षण अपवाद होता. त्यावरून शोधाला वेळ मिळतो असे कोणी समजू नये.

हिमालयातील हिमस्खलनाचे इशारे चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था देते.