सुट्टी डाळ, पाकिटातली डाळ आणि इंदूरचा करावरचा राग

नव्या कराची कुणकुण लागली की इंदूरच्या बाजारात पहिल्यांदा खळबळ उडते ती क्लॉथ मार्केट, सियागंज आणि छावणीच्या धान्यबाजारात. घरातली माणसं बोलू लागतात ती नंतर, किराण्याचं बिल वाढलेलं दिसलं की. गेल्या वीस वर्षांत खपावरच्या कराचं रूप तीनदा बदललं. २००६ ला व्हॅट (मूल्यवर्धित कर) आला, २०१७ ला जीएसटी, आणि २०२२ ला पाकीटबंद धान्य-डाळीवर पाच टक्के. कागदावर तिसरा बदल सगळ्यांत लहान, पण रामबागेपासून सुदामा नगरपर्यंतच्या स्वयंपाकघरांत राग पोहोचला तो त्याच वेळी. असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. माळव्यातली अफू मुंबई बंदराकडे निघायची तेव्हा इंग्रजांना वाहतुकीच्या पासाची फी भरावी लागे आणि त्यासाठी अफू तोलायचा एक काटा इंदुरात होता. मालावर वाटेत पैसे घेण्याची सवय इतकी जुनी आहे. विक्रीवरचा कर मात्र मागाहूनचा. मध्य प्रांत-वऱ्हाडने १९३८ मध्ये पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर तो लावला, १९३९ मध्ये मद्रासने सर्वसाधारण विक्रीकर आणला, आणि इंदूरला तो संस्थान विलीन झाल्यावर तेव्हाच्या मध्य भारत राज्याच्या १९५० च्या कायद्याने आला. पुढे नव्या मध्य प्रदेशचा १९५८ चा कायदा, मग १९९४ चा ‘वाणिज्यिक कर’. नाव बदलत गेलं, खात्याचं मुख्यालय मात्र भोपाळला न जाता इथेच मोती बंगल्यात राहिलं. त्यामुळे निर्णय भोपाळचा किंवा दिल्लीचा असला तरी निवेदन घेऊन जायचं ठिकाण महात्मा गांधी मार्गावर, चालत जाण्याच्या अंतरावर. या शहराला करावर बोलायची सवय आहे ती काही अंशी त्यामुळेही असावी.

नाक्यावरची चुंगी, म्हणजे जकात, इथे १९७६ मध्ये उठली आणि तिच्या जागी राज्याचा प्रवेश कर आला. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना हे सांगितलं की त्यांना आश्चर्य वाटतं, कारण मुंबईत जकात थेट २०१७ पर्यंत चालू होती, वडोदऱ्यात २००७ पर्यंत, आणि जकातीच्या बदली आणलेल्या एलबीटीवरून (स्थानिक संस्था करावरून) पुण्याच्या व्यापाऱ्यांनी २०१३ मध्ये किती दिवस दुकानं बंद ठेवली होती ते सगळ्यांना आठवतं. आमच्याकडे तो तंटा आणीबाणीतच मिटला. एक शेपूट तेवढं राहिलं: चुंगी जाऊन अर्धं शतक झालं तरी नगर निगमला राज्याकडून ‘चुंगी क्षतिपूर्ती’, म्हणजे तिची भरपाई, मिळते आणि ती कापली गेली की पगार अडकल्याच्या बातम्या येतात.

व्हॅटची गोष्ट अशी की मध्य प्रदेशने कायदा आधीच करून ठेवला होता, २००२ मध्ये. देशभर तो १ एप्रिल २००३ ला यायचा होता, पण एकट्या हरियाणाने तारीख पाळली, बाकीचे थांबले. जानेवारी २००५ मध्ये राज्यांच्या अर्थमंत्र्यांच्या समितीने श्वेतपत्रिका काढली. साडेपाचशेच्या आसपास वस्तू, मुख्य दर ४ आणि साडेबारा टक्के, सोन्या-चांदीला १, पाच लाखांपर्यंतच्या उलाढालीला सूट, पन्नास लाखांपर्यंतच्यांना एकरकमी भरण्याची सोय. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांनी तो लागू केला. मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान, छत्तीसगड आणि झारखंड यांनी केला नाही. या पाचही राज्यांत एकाच पक्षाची, भाजपची, सरकारं होती आणि तो पक्ष दिल्लीत नुकताच सत्तेबाहेर गेला होता.

ते एक वर्ष व्यापाऱ्यांच्या बाजूने उभं राहिल्याचं म्हणून खपवलं गेलं. मला विचाराल तर ते राजकारण होतं आणि व्यापाऱ्यांनाही ते कळत होतं. त्यांच्या पदरात बारा महिने पडले, तेवढे त्यांनी घेतले. १ एप्रिल २००६ पासून तोच, चार वर्षं कपाटात पडून असलेला कायदा लागू झाला.

बाजाराचा आक्षेप दरावर होता असं वर्तमानपत्रांत छापून यायचं. खरा आक्षेप वहीवर होता. जुन्या पद्धतीत बहुतेक मालावर कर पहिल्याच विक्रीला, म्हणजे कारखानदाराकडे किंवा बाहेरून माल आणणाऱ्याकडे वसूल व्हायचा. पुढचे सगळे ‘टॅक्स-पेड’ माल विकायचे, त्यांचा खात्याशी संबंध जवळजवळ नसायचा. व्हॅटमध्ये प्रत्येक टप्प्यावर कर, आणि मागच्या टप्प्यावर भरलेला वजा करून घ्यायचा तर पक्कं बिल हवं. कच्च्या चिठ्ठीवर चालणाऱ्या बाजाराला हे जड गेलं. मुनीमजी गेले आणि कॉम्प्युटरवाला मुलगा आला तो याच काळात. महाराष्ट्रातून ट्रकने येणाऱ्या मालासोबत फॉर्म ४९, म्हणजे बाहेरून आणलेल्या मालाची माहिती देणारा कागद, लागायचाच. तो नसला तर तपासणी नाक्यावर गाडी अडायची आणि मग काय व्हायचं ते लिहिण्याची गरज नाही.

ग्राहकाला यातलं फारसं दिसलं नाही. किंमत करासह लिहिलेली, बिल मागायची पद्धत नाही. विरोध बाजारापुरता राहिला.

जीएसटीच्या वेळी भूमिकांची अदलाबदल इतकी उघड झाली की तिचा विसर पडू नये. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १ एप्रिल २०१० ही तारीख जाहीर झाली होती. त्यानंतरच्या वर्षांत या कराला सर्वांत ठाम विरोध करणाऱ्या राज्यांत गुजरात आणि मध्य प्रदेश पुढे होते. राज्याची स्वायत्तता जाईल, महसूल बुडेल, दर ठरवायचा हक्क दिल्लीच्या हाती जाईल, हे मुद्दे आमच्या राज्याच्या तेव्हाच्या अर्थमंत्र्यांनी वारंवार मांडले. २०११ चं घटनादुरुस्ती विधेयक लटकलं आणि लोकसभेबरोबर संपलं. २०१४ मध्ये दिल्लीत सरकार बदललं, डिसेंबरात नवं विधेयक आलं, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेने त्याला मंजुरी दिली. मुद्दे तेच होते, ते आता दुसरीकडच्या बाकांवरून ऐकू येत होते. महसूल बुडण्याच्या भीतीवर पाच वर्षांच्या भरपाईचा उतारा मिळाला होता, हे मात्र मान्य केलं पाहिजे: २०१५-१६ च्या महसुलावर दरवर्षी १४ टक्के वाढ धरून जो खड्डा पडेल तो केंद्राने भरायचा.

जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला; त्याआधी क्लॉथ मार्केट तापलं त्याला वेगळं कारण होतं. १९५७ पासून कापड, साखर आणि तंबाखूवर राज्यं विक्रीकर लावत नसत, त्याऐवजी केंद्र जादा उत्पादन शुल्क घेऊन त्यांना वाटा देई. म्हणजे कापडाच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या दोन पिढ्या विक्रीकराच्या नंबराशिवाय धंदा करत आल्या होत्या. त्यांना कापडावरच्या पाच टक्क्यांपेक्षा नोंदणी, महिन्याचं रिटर्न आणि पोर्टल यांचा धसका होता. सुरतेत आंदोलन आठवडे चाललं, इथलं महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटही त्या लाटेत होतं. साडेचार वर्षांनी कापडाचा दर ५ वरून १२ करण्याचा निर्णय १ जानेवारी २०२२ पासून लागू व्हायचा होता, तो आदल्या दिवशी, ३१ डिसेंबरला, पुढे ढकलला गेला. बाजार तोवर संघटित झाला होता.

आता डाळ. इंदूर डाळ मिलांचं मोठं केंद्र आहे. तूर, चणा, मूग, मसूर इथे येतात, भरडले जातात आणि देशभर जातात. जुलै २०१७ च्या नियमाप्रमाणे सुट्टी किंवा बिनब्रँडची डाळ करमुक्त होती आणि नोंदणीकृत ब्रँडच्या पाकिटातली पाच टक्क्यांची. श्रीमंताच्या पाकिटावर कर, गरिबाच्या पुडीवर नाही, असा विचार असावा. पण करातून सुटण्याचा रस्ता नियमातच लिहिलेला होता, ‘नोंदणीकृत’ या शब्दात. ब्रँडची नोंदणी रद्द करून घ्या, कर गेला. देशभर तसे अर्ज होऊ लागले.

९ सप्टेंबर २०१७ ला हैदराबादच्या बैठकीत जीएसटीचे दर ठरवणाऱ्या जीएसटी परिषदेने बूच मारलं: १५ मे २०१७ ला जो ब्रँड नोंदलेला होता तो नंतर रद्द केला तरी नोंदलेलाच धरायचा. इथवर ठीक. दुसरं कलम मात्र अजब होतं. ब्रँड नोंदलेला नसला, पण त्या नावावर कोर्टात ‘ॲक्शनेबल क्लेम’ करता येत असेल, तरीही कर. आपलं नाव दुसऱ्याने वापरलं तर त्याच्यावर दावा लावता येतो, तो हा हक्क. कर टाळायचा असेल तर तो स्वेच्छेने सोडायचा, खात्याच्या आयुक्तांकडे तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि प्रत्येक पाकिटावर न पुसणाऱ्या शाईत, इंग्रजी व स्थानिक भाषेत छापायचं की या नावावरचा आमचा हक्क आम्ही सोडला आहे.

यामागचा तर्क कितीदाही समजावून घेतला तरी मला तो पटलेला नाही. वडिलांनी चाळीस वर्षं चांगला माल देऊन पिशवीवरचं नाव कमावलं, आणि सरकार म्हणतं, पाच टक्के द्या नाहीतर हे नाव कुणीही वापरावं असं लिहून द्या. ज्यांच्याकडे वकील होते त्यांनी लिहून दिलं, ज्यांच्याकडे नव्हते त्यांना नोटिसा आल्या. करमुक्त म्हणवणाऱ्या डाळीतही कर होताच, फक्त दिसत नव्हता: विक्रीवर कर नाही म्हणून मशीन, सुटे भाग आणि पिशव्यांवर भरलेल्या कराची वजावट मिलला मिळत नाही, तो भावात मिसळतो.

नमकीनची कथा याचीच चुलत बहीण. ज्या शहरात पोह्यावर सेव न घालणं हा उद्धटपणा समजला जातो तिथे जुलै २०१७ मध्ये मिठाई पाच टक्क्यांत आणि सेव बारा टक्क्यांत गेली, एकाच दुकानात, एकाच काउंटरवर. ऑक्टोबरात बिनब्रँडची सेव पाचवर आली, नोंदलेल्या ब्रँडचं पाकीट बारावर राहिलं आणि वर सांगितलेली हक्क सोडण्याची भानगड तिथेही लागली.

२०२२ मध्ये परिषदेने ब्रँडचा हा गुंता सोडवला, आणि राग घरात आला तो त्या सोडवणुकीने. जूनअखेर चंडीगडच्या बैठकीत ठरलं की ब्रँड बघायचाच नाही, बांधलेलं आणि लेबल लावलेलं पाकीट दिसलं की पाच टक्के. १८ जुलैपासून डाळ, पीठ, तांदूळ, दही, ताक सगळं त्यात आलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने स्वतःच्या नावाची पट्टी लावून विकलेली एक किलोची तूरडाळही आली. १६ जुलैला देशभरच्या धान्य व्यापाऱ्यांनी बंद पाळला. दह्यावर कर, पिठावर कर, ही वाक्यं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. व्हॅटची वजावट कुणाच्या आईला सांगून कळली नसती, हे कळलं.

सरकारची बाजू चुकीची नव्हती, निदान पूर्ण नाही. सुट्टा माल करमुक्तच राहिला, आणि अनेक राज्यं आधीच्या विक्रीकर-व्हॅटच्या काळातही धान्यावर काही ना काही घेत होती हे खरं. पण कर लागू होण्याच्या आदल्या दिवशीच्या सरकारी खुलाशाने गंमत वाढवली. पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकेजवर कर, त्याहून जड पॅकेजवर नाही. पन्नास किलोचं एक पोतं सुटलं, दहा-दहा किलोच्या दहा पिशव्या एकत्र बांधल्या तर त्या सापडल्या. काही आठवड्यांत बाजारात सव्वीस आणि तीस किलोचे कट्टे दिसायला लागले. इंदुरातल्या ज्या मराठी घरांत अजून एप्रिलमध्ये वर्षाचा लोकवन गहू पोत्याने भरतात त्यांना काहीच फरक पडला नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, पाच किलोचं पीठ आणणाऱ्या त्यांच्या मुलांना पडला.

मिलवाल्यांची तक्रार विचारली तर जीएसटी दुसऱ्या क्रमांकावर येतो. आधी मंडी शुल्क, म्हणजे बाजार समितीचं शुल्क, तेही बाहेरच्या राज्यातून आणलेल्या तुरीवर, ज्यातली सूट कधी मिळते कधी संपते. त्याच्यासोबत शंभर रुपयांमागे वीस पैसे निराश्रित शुल्क. ते १९७१ च्या बांगलादेशी निर्वासितांसाठी लावलं होतं. एवढ्या छोट्या रकमेवर एवढी निवेदनं दुसऱ्या कुठल्या करावर गेली नसतील.

३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीनंतर बारा टक्क्यांचा टप्पाच गेला. २२ सप्टेंबरपासून पाकिटातली सेव सुट्ट्या सेवेइतकीच, पाच टक्क्यांची झाली, पोळी-पराठ्यावरचा कर शून्यावर आला. लेबल लावलेली डाळ आणि पीठ पाचवरच आहेत, पंचवीस किलोची रेषाही तिथेच आहे.