लेखक स्वतःवर हसायला का कचरतो? सोलापूरच्या वाटेने एक पार्श्वभूमी

कादंबरीकार म्हणून कोणाची ओळख करून दिली की सोलापुरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: 'बरं, आणि कामाला कुठं?' प्रश्नात कुचेष्टा नसते. यंत्रमाग, शाळा, नाहीतर सरकारी कचेरी, यांपैकी काहीतरी असल्याशिवाय माणसाची चूल पेटते कशी, एवढीच शंका. आपल्याच लेखनसंसाराकडे हसत पाहणाऱ्या आठवणी मराठी कादंबरीकारांनी इतक्या कमी का लिहिल्या, याचं अर्धं उत्तर इथंच आहे. लेखन हा धंदा नव्हता, व्रत होतं. व्रताची टिंगल यजमान स्वतः कशाला करील?

सुरुवातच गंभीर झाली. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती 1857 ची 'यमुनापर्यटन'. ती लिहिणाऱ्या बाबा पदमनजींनी 'अरुणोदय' हे आत्मचरित्रही लिहिलं, पण ती धर्मांतराची कहाणी. तिथं हसू कुठून येणार?

साहित्यिकांवर हसण्याचं काम मग विनोदकारांनी उचललं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'चोरांचे संमेलन' भरवून संमेलनाच्या हौसेची रेवडी उडवली (1927 साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष मात्र तेच झाले). राम गणेश गडकऱ्यांनी 'बाळकराम' या टोपणनावाने 'कवींचा कारखाना' काढला. अत्र्यांनी 'झेंडूची फुले' ही विडंबनं उधळून रविकिरण मंडळ या कवींच्या गटाला घाम फोडला. सगळं झकास, पण रोख कायम दुसऱ्याकडे.

घरातून पाहणारी नजर आली ती लक्ष्मीबाई टिळकांची. 1934 पासून भागाभागाने आलेल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांचे पती रेव्हरंड टिळक हे थोर कवी आहेतच, शिवाय तापट आहेत, हाताचे ढिले आहेत आणि न सांगता घरातून निघून जाणारे आहेत. कवी उदार झाला की पिठाचा डबा रिकामा होतो, हे त्या तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर ताटातूट होते, काही वर्षं वेगळं राहावं लागतं, तरी हकिगत सांगण्याची त्यांची ढब बदलत नाही. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू एकाच परिच्छेदात. माझ्या मते साहित्यिक संसाराच्या विनोदी आठवणींचं मराठीतलं मूळ पुस्तक हेच, आणि ते कादंबरीकाराचं नाही.

आता सोलापूर. 1941 चं साहित्य संमेलन इथं भरलं आणि अध्यक्ष होते वि. स. खांडेकर. हा माणूस गडकऱ्यांचा चाहता. उमेदवारीच्या काळात 'आदर्श' या टोपणनावाने विनोदी लेख लिहिणारा. म्हणजे हत्यार हाताशी होतं. पण मधे शिरोड्याच्या शाळेतली मास्तरकीची वर्षं गेली, कादंबऱ्यांनी ध्येयवादी लेखक अशी मूर्ती घडवली, आणि ती मूर्ती वाचकांनी देव्हाऱ्यात बसवली. त्यांच्यामागे 1981 साली प्रसिद्ध झालेल्या 'एका पानाची कहाणी'त 'आदर्श'चा मिस्कीलपणा फारसा डोकावत नाही. वाचकांनाही तो हवा होता असं वाटत नाही.

तो मिस्कीलपणा याच जिल्ह्यातून दुसऱ्या दाराने आला. द. मा. मिरासदारांचा जन्म 1927 चा, अकलूजचा, शिक्षण पंढरपुरात, पुढे पुण्यात प्राध्यापकी. शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या जोडीने त्यांनी कथाकथन गावोगाव नेलं, आणि लेखक नावाचा प्राणी लोकांनी पहिल्यांदा समोरासमोर पाहिला. कथाकथनाला गेलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे की अर्धी मजा कथेच्या आधी असते. एसटी दोन तास उशिरा आलेली. न्यायला आलेला कार्यकर्ता पाहुण्याला विमा एजंट समजून सोडून गेलेला. परिचय करून देणारे गुरुजी दुसऱ्याच लेखकाच्या पुस्तकांची नावं वाचतायत आणि तो मान हलवत ऐकतोय. शेवटी शाल, नारळ आणि पाकीट. ते पाकीट लोकांदेखत उघडता येत नाही आणि बोटांनी चाचपल्याशिवाय राहवतही नाही. लेखकाच्या विनोदी आठवणींचा ऐवज हाच. पण तो माइकवरून सांगायचा ऐवज ठरला. टाळ्या घेऊन सभागृहातच संपला.

सोलापूरच्या छापील साहित्याने वेगळं वळण घेतलं. त्र्यं. वि. सरदेशमुखांची 'डांगोरा एका नगरीचा' ही कादंबरी 2003 साली साहित्य अकादमीपर्यंत पोचली, तीही चिंतनाच्या अंगाने. अक्कलकोट तालुक्यातल्या शरणकुमार लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी' या दलित आत्मकथनाने 1984 मध्ये आत्मकथनाचा पटच बदलला. माणूस म्हणून जगण्याचाच हिशेब मागणारं पुस्तक समोर असताना मानधनाच्या पाकिटावरचे विनोद जरा हलकेच वाटणार, आणि ते रास्तच होतं. 2006 साली संमेलन पुन्हा सोलापुरात आलं, तेव्हाचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली जन्माने सोलापूरचे. पण त्यांची हयात गेली वनखात्यात आणि आत्मकथनही रानाचं.

आज अशा आठवणी भेटतात त्या दिवाळी अंकांत, पाच-सहा पानांच्या लेखांमधून. त्यांचं पुस्तक करायचं म्हटलं की लेखक नावं खोडायला बसतो. ज्या प्रकाशकाने हिशेब दिला नाही त्याच्याकडे पुढची कादंबरी पडून असते, आणि ज्या समीक्षकाने पुस्तक न वाचता परीक्षण लिहिलं तो यंदा पुरस्कार समितीवर असतो.