राल्लिस (ग्रीक आडनाव)

राल्लिस, पश्चिम युरोपात आणि भारतात रॅली : बायझंटिन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) काळापासून चालत आलेले ग्रीक आडनाव. आज ते ग्रीसखेरीज ब्रिटन, फ्रान्स, इटली, रोमानिया, मोल्दोव्हा, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आढळते. मराठी वाचकाला रॅली म्हटले की मोर्चा आठवतो, शेतकऱ्याला औषधाची बाटली आणि सत्तरीच्या पुढच्या माणसाला कदाचित छताचा पंखा. मोर्चाचा या नावाशी काही संबंध नाही. बाटलीचा आणि पंख्याचा मात्र थेट आहे. महाराष्ट्रात राळे हेही आडनाव आहे आणि राळे नावाचे तृणधान्यही, पण त्यांचे राल्लिसशी असलेले साम्य केवळ कानाला जाणवणारे आहे.

ग्रीक म्हणून जगभर ओळखले जाणारे हे नाव मुळात ग्रीक नाही. राऊल या नॉर्मन-फ्रेंच व्यक्तिनामाचे ते ग्रीक तोंडात बसलेले रूप आहे. राऊल स्वतः राडुल्फ या जुन्या जर्मानिक नावावरून आला, आणि त्याचे दोन घटक ‘सल्ला’ आणि ‘लांडगा’ असे आहेत. अकराव्या शतकात दक्षिण इटली जिंकून बसलेले नॉर्मन सरदार बायझंटिन साम्राज्याशी कधी लढत होते, तर कधी त्याच्याच फौजेत चाकरी पत्करत होते. सम्राट आलेक्सिओसची कन्या ॲना कोम्नेनी हिने लिहिलेल्या इतिहासात, रॉबर्ट गिस्कार या नॉर्मन सेनानीने कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारी पाठवलेल्या राऊल नावाच्या वकिलाचा उल्लेख येतो. घराण्याचे मूळ बहुधा त्याच्याशी किंवा त्याच्या आप्तांशी जोडले जाते. वंशवेलीचा पहिला दुवा असा धूसर असला, तरी व्यक्तिनामाचे कुळनाम कसे झाले हे मात्र नीट दिसते. बाराव्या-तेराव्या शतकात राऊल हे साम्राज्यातले मोठे लष्करी घराणे होते. पुढे ग्रीक पुल्लिंगी नामांचा ‘-इस’ हा प्रत्यय लागून राल्लिस हे रूप रूढ झाले आणि काही काळ दोन्ही रूपे एकाच घरात नांदली.

या घराण्यातली सर्वांत लक्षणीय व्यक्ती एक स्त्री आहे. थिओडोरा राऊलाइना (मृत्यू १३००) ही सम्राट मिखाईल आठवा पालिओलोगस याची भाची. तिचा पहिला नवरा मुझालोन १२५८ मध्ये राजकीय कटात मारला गेला. त्यानंतर तिचे लग्न राऊल घराण्यातल्या योआनिसशी झाले. रोमच्या चर्चशी ऐक्य करण्याच्या मामाच्या धोरणाला तिने उघड विरोध केला आणि त्यापायी हद्दपारी सोसली. उत्तरायुष्यात ती जोगीण झाली, एक मठ पुन्हा उभा केला, ग्रंथ जमवले आणि स्वतःच्या हाताने नकलून काढले. ‘राऊलाइना’ हे स्त्रीरूप त्या काळच्या रीतीला धरून आहे. आजच्या ग्रीकमध्ये राल्लिस कुटुंबातल्या स्त्रीचे आडनाव ‘राल्ली’ होते. ती षष्ठी आहे, अर्थ ‘राल्लिसची’.

१४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत दक्षिण ग्रीसमधले पेलोपोनीजही तुर्कांकडे गेले. नाव धारण करणारे लोक तेव्हा पहिल्यांदा मोठ्या संख्येने बाहेर पडले. काहींनी व्हेनिसच्या हलक्या घोडदळात चाकरी धरली, काही इटलीतल्या विद्वानांच्या वर्तुळात मिसळले, तर काही थेट मॉस्कोला पोचले. तिथे तिसऱ्या इव्हानने दिमित्री आणि मानुइल या दोघा रालेव बंधूंना १४८८ मध्ये इटलीला वकील म्हणून धाडले आणि परतताना त्यांनी वास्तुविशारद व कारागीर सोबत आणले. रालेव हे राल्लिसचेच रशियन रूप. ही शाखा पुढे रशियन समाजात विरघळून गेली.

खिओस आणि पाच भाऊ

आजच्या जगातल्या रॅलींची कथा मात्र प्रामुख्याने खिओस बेटापासून सुरू होते. तुर्की किनाऱ्यालगतचे हे बेट मस्तकी या सुगंधी डिंकासाठी प्रसिद्ध. १३४६ ते १५६६ अशी दोनशेहून अधिक वर्षे ते जिनोव्हाच्या ताब्यात होते आणि तिथल्या श्रीमंत घराण्यांत इटालियन भाषा, हिशेबाच्या वह्या आणि व्यापारी रीतिरिवाज मुरलेले होते. राल्लिस, आर्जेन्ती, रोदोकानाकी, स्किलिझी, पेत्रोकोकिनो ही त्यांतली काही नावे. ही घराणी लग्ने आपापसातच करत. नामकरणाची त्यांची पद्धत मराठी माणसाला परकी वाटणार नाही. स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. स्टीफन ऑगस्टस रॅली म्हणजे ऑगस्टसचा मुलगा स्टीफन. त्यात नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याचा रिवाज, त्यामुळे एका पिढीत चार-चार स्टीफन निघत. मधले नाव गाळले तर वंशावळ अभ्यासणाऱ्याचा गोंधळ ठरलेलाच. जुन्या इंग्रजी कागदपत्रांतले घोळ बहुतेक इथूनच आलेले आहेत, कारण इंग्रज कारकुनाला मधले नाव शोभेचे वाटे.

परदेशातल्या रूपातला शेवटचा ‘स’ याच वळणावर गळाला. खिओसचे व्यापारी पत्रव्यवहार इटालियन आणि फ्रेंचमध्ये करत. त्या भाषांत प्रथमा विभक्तीच्या ‘स’ला काही काम नव्हते आणि ‘ई’कारान्त रूप इटालियन आडनावांच्या रांगेत सहज बसत होते. अथेन्समध्ये राल्लिस आणि लंडनला किंवा मार्सेय या फ्रेंच बंदरात रॅली, असा भेद पडला तो कायमचा.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खिओसच्या स्टीफन रॅलीने मार्सेयला बिऱ्हाड हलवले. त्याचे पाच मुलगे म्हणजे एक जिवंत नकाशाच होता. योआनिस ऊर्फ जॉन ओडेसाला, ऑगस्टस मार्सेयला, पांदिया लंडनला, थोमास कॉन्स्टँटिनोपलला आणि युस्त्रातिओस मँचेस्टरला. १८१८ मध्ये लंडनची पेढी सुरू झाली. काळ्या समुद्रावरचा गहू पश्चिमेला आणि मँचेस्टरचे कापड पूर्वेला, हा मूळ धंदा. १८३७ मध्ये इराणातल्या तब्रीझला शाखा निघाली. पांदियाला (१७९३–१८६५) लंडनच्या ग्रीक व्यापाऱ्यांत ‘झ्यूस’ म्हणत. देवांच्या राजाचे नाव एका धान्यव्यापाऱ्याला मिळावे यात थोडी थट्टा असेल, पण १८३५ पासून तो लंडनमध्ये ग्रीसचा वाणिज्यदूत होता आणि तिथल्या ग्रीक मंडळींत त्याचा शब्द शेवटचा असे.

दरम्यान १८२२ मध्ये, ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध सुरू असताना, उस्मानी फौजांनी खिओसवर भयंकर कत्तल केली. हजारो माणसे मारली गेली, हजारो गुलाम म्हणून विकली गेली, बेट ओस पडले. वाचलेल्यांनी आप्तांच्या पेढ्यांचा आसरा घेतला. म्हणजे धंद्यासाठी पसरलेले जाळे आधीच तयार होते आणि निर्वासित त्यावर येऊन विसावले. रॅली घराण्याच्या फैलावाचे श्रेय एकट्या कत्तलीला देणारी मांडणी वारंवार आढळते, ती म्हणूनच अपुरी आहे.

हिंदुस्थानातले रॅली

१८५१ मध्ये रॅली ब्रदर्सने कोलकात्यात कचेरी उघडली. ताग, लाख, तीळ, हळद, सुंठ, तांदूळ, सोरा असा कितीतरी माल पेढी उचलत असे. दशकभरात मुंबई आणि कराचीचा पश्चिम किनाराही तिच्या आवाक्यात आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या धामधुमीत पेढीचे मुंबईतले बस्तान पक्के झाले. मुंबईत बसून दलालामार्फत खरेदी करण्यापेक्षा थेट अंतर्भागात आपली माणसे नेमायची, ही पेढीची रीत. त्यामुळे वऱ्हाड-खानदेशच्या कापूस बाजारांतही रॅलीचे खरेदीदार ओळखीचे झाले. माल तपासून, वजन करून रोख पैसे मोजण्याबद्दल तिचा लौकिक होता.

पेढीच्या वरच्या जागा बराच काळ ग्रीकांकडेच, त्यातही खिओसच्या नात्यागोत्यातल्या तरुणांकडे असत. हे तरुण काही वर्षे उन्हात काढून, पुंजी जमवून लंडनला किंवा मार्सेयला परतत. येथे स्थायिक झाले ते थोडे. कोलकात्यात कालीघाटच्या ट्राम डेपोजवळ उभे असलेले ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च (पायाभरणी १९२४) ही त्या छोट्या वसाहतीची सर्वांत ठसठशीत खूण. देशातून ग्रीक गेल्यावर तेही वर्षानुवर्षे ओसाड पडले होते.

परिणामी भारतात रॅली हे आडनाव माणसांविना उरले. १९४८ मध्ये रॅलीज इंडिया ही कंपनी मुंबईत नोंदली गेली, पुढे ती टाटा समूहात आली आणि आज टाटा केमिकल्सची उपकंपनी म्हणून कीटकनाशके व बियाणे विकते. पंख्याचा उल्लेख वर आला तो ‘रॅलीफॅन’, हाही पूर्वी याच कंपनीचा. कृषी सेवा केंद्रात रॅलीजचे औषध मागणाऱ्या शेतकऱ्याला आपण बायझंटिन सरदाराचे कुळनाम उच्चारत आहोत याची कल्पना असण्याचे कारण नाही. गंमत अशी की मार्सेयच्या वाटेवर गळालेला ‘स’ मुंबईत परत आल्यासारखा दिसतो. इंग्रजी लिपीत ही कंपनी आणि ग्रीक आडनावाचे मूळ रूप अक्षरशः एकसारखे लिहिले जाते.

लंडनची मूळ पेढी १९५० च्या दशकाच्या अखेरीस कुटुंबाच्या हातून गेली, आणि तिच्या कापूस व्यापाराचा वारसा चालवणारी लिव्हरपूलची शाखा १९८१ मध्ये कारगिल या अमेरिकी कंपनीने घेतली.

इतरत्र

ब्रिटनमध्ये हे नाव कुटुंबांइतकेच दगडांवरही वाचायला मिळते. दक्षिण लंडनच्या वेस्ट नॉरवुड दफनभूमीत ग्रीकांचा स्वतंत्र भाग आहे. त्यातले देवळासारखे दिसणारे प्रार्थनामंदिर स्टीफन ऑगस्टस रॅलीने (१८२९–१९०२) आपल्या मुलाच्या स्मरणार्थ बांधले; हा ऑगस्टस १८७२ मध्ये ईटनच्या शाळेत शिकत असतानाच वारला. होव्ह या समुद्रकाठच्या गावी स्टीफनच्याच स्मृतीसाठी उभारलेले रॅली सभागृह अजून वापरात आहे. पांदेली रॅली (१८४५–१९२८) ब्रिटिश संसदेत निवडून गेला, आणि १९१२ मध्ये ल्यूकस रॅलीला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. दोन पिढ्यांत ग्रीक पेढीवाल्यांचे इंग्रज जमीनदार झाले. शर्यतीचे घोडे, शिकार, गावाकडचा वाडा, सगळे आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात चालणाऱ्या एका हलक्या दुचाकी घोडागाडीचे नावही याच घराण्यातल्या पहिल्या गिऱ्हाइकावरून ‘रॅली कार’ असे पडले.

पूर्व युरोपातली शाखा वेगळीच. मोल्दोव्हातल्या दोल्ना गावी झांफिराकी रॅली या जमीनदाराच्या वाड्यात १८२१ मध्ये, हद्दपारीत असलेला कवी पुश्किन पाहुणा म्हणून राहिला. आज तिथे पुश्किन संग्रहालय आहे. याच घराण्यातला झांफिर (१८४८–१९३३) स्वित्झर्लंडमध्ये अराज्यवादी बाकुनिनच्या गटात वावरला आणि नंतर आर्बोरे हे आडनाव घेऊन रोमानियातला नामवंत लेखक झाला. खिओसच्या व्यापाऱ्यांशी या बोयारांचे, म्हणजे तिथल्या सरदार-जमीनदारांचे, जवळचे नाते समजू नये.

खुद्द ग्रीसमध्ये हे नाव राजकारणाशी निगडित आहे. एकाच घरातल्या तीन पिढ्यांनी पंतप्रधानपद पाहिले. दिमित्रिओस राल्लिस (१८४४–१९२१) १८९७ च्या तुर्की युद्धातल्या पराभवाच्या धक्क्यात प्रथम सत्तेवर आला आणि एकूण पाच वेळा पंतप्रधान झाला. त्याचा मुलगा योआनिस (१८७८–१९४६) याने जर्मन ताब्याच्या काळात, १९४३–४४ मध्ये, कठपुतळी सरकार चालवले. युद्धानंतर त्याला जन्मठेप झाली आणि तो तुरुंगातच वारला. नातू जॉर्जिओस (१९१८–२००६) हा १९८० मध्ये पंतप्रधान झाला आणि ग्रीस युरोपीय समुदायात दाखल झाला तो त्याच्याच कारकिर्दीत, १ जानेवारी १९८१ रोजी. त्याहून दूरगामी काम त्याने १९७६ मध्ये शिक्षणमंत्री असताना केले. पंडिती ‘काथारेवुसा’ बाजूला सारून बोली ग्रीक ही शाळांची भाषा केली. प्रमाण आणि बोली यांचे वाद ज्यांनी मराठीत पाहिले आहेत त्यांना या निर्णयाचे वजन सांगायला नको. चित्रकलेत कॉन्स्टँटिनोपलला जन्मलेला आणि पॅरिसमध्ये शिकलेला थिओडोरोस राल्लिस (१८५२–१९०९) पूर्वेकडच्या घरगुती आणि धार्मिक दृश्यांसाठी ओळखला जातो.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातले आजचे राल्लिस बहुतेक विसाव्या शतकातल्या सर्वसाधारण ग्रीक स्थलांतरातून आलेले आहेत. कापसाच्या निमित्ताने न्यूयॉर्क-न्यू ऑर्लीन्सला गेलेल्या रॅलींचे ते वंशज नव्हेत. दोघांना ओळखण्याची ढोबळ खूण तोच शेवटचा ‘स’. तो शाबूत असेल तर कुटुंब बहुधा थेट ग्रीसहून आलेले, गळाला असेल तर वाट इटालियन-फ्रेंच व्यापारी जगातून गेलेली. ग्रीसबाहेर मुलीलाही वडिलांचेच पुल्लिंगी रूप लावतात, त्यामुळे मेलबर्नची राल्लिस आणि अथेन्सची राल्ली या सख्ख्या चुलत बहिणी असू शकतात.

नुसत्या अक्षरसाम्यावरून नाते जोडताना सावधगिरी हवी. रशियातली प्रख्यात राले अत्तर कंपनी आल्फोन्स राले या फ्रेंच माणसाने १८४३ मध्ये स्थापली, तिचा राल्लिसांशी संबंध नाही. राऊल या एकाच व्यक्तिनामातून युरोपभर स्वतंत्रपणे डझनभर आडनावे निघाली आहेत. इंग्रजीतले रॉल्स आणि रॉलिन्स हेही त्याच गोतातले.