परत आणणं आणि घडी बसवणं

ऑक्टोबर 2023मध्ये पाकिस्तानने कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना 1 नोव्हेंबरपर्यंत देश सोडायला सांगितलं आणि तोरखम, स्पिन बोल्डकच्या सीमेवर अफगाण कुटुंबांची रीघ लागली. अशा लोकांसाठीच्या कामात दोन गोष्टींची हमखास गल्लत होते: परतीची मदत आणि पुनर्एकात्मीकरण. दुसरा शब्द जिभेला जड आहे, म्हणून त्याला घडी बसवणं म्हणू. (पुनर्वसन म्हटलं की आपल्याला धरणग्रस्तांची पर्यायी जमीन आठवते, ते प्रकरण वेगळं.)

परतीची मदत सीमेवर सुरू होते आणि काही आठवड्यांत आटोपते. नोंदणी, आरोग्य तपासणी, लस, गरम जेवण, गावापर्यंतचं भाडं, थोडी रोख. तेव्हा निघालेल्यांना सोबत फक्त 50,000 पाकिस्तानी रुपये नेण्याची मुभा होती. मग हातात पडलेली रोख पीठ, तेल आणि घरभाड्यातच जाणार. तिच्यातून दुकान उभं राहील ही अपेक्षाच चुकीची.

घडी बसवायला वर्ष तरी लागतं, आणि सुरुवात कागदापासून होते. तजकिरा, म्हणजे अफगाण ओळखपत्र, नसेल तर शाळा, सिमकार्ड, बँक सगळीकडे अडतं. तो काढायला सहसा वडिलांकडच्या पुरुष नातलगाचा तजकिरा दाखवावा लागतो. पेशावरमध्ये जन्मलेल्या विधवेने असा नातलग आणायचा कुठून? म्हणून रोजगारासाठी द्यायच्या अवजारांची यादी करण्याआधी नातलग शोधावेत.

मुलं उर्दूत शिकलेली असतात, अफगाणिस्तानातली शाळा पश्तो किंवा दरी या भाषांत. आधी भाषेचा वर्ग हवा. मुलींना तर सहावीनंतर शाळाच बंद.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो रोजगारात. बाजार न पाहता शिलाई मशिनं वाटली की एका गल्लीत दहा शिंपी होतात, कुणालाच गिऱ्हाईक नाही, आणि मशिन कर्ज फेडायला विकलं जातं. आधी कर्ज विचारा, मग बाजार फिरा, सामान दोन-तीन हप्त्यांत द्या. गावातल्या जुन्या गरिबांनाही त्यात घ्या, नाहीतर विहिरीवर भांडणं ठरलेली.

मोजमापही वेगळं. परतीची मदत त्याच दिवशी डोकी मोजून कळते. घडी बसली का, हे सहाव्या आणि बाराव्या महिन्यात विचारावं लागतं. तेव्हा फोन लागला नाही तर फाइल ‘पूर्ण’ म्हणून बंद करू नका. तो माणूस इराणला लागून असलेल्या निमरोझ प्रांतातून पुन्हा इराणच्या वाटेला लागलेला असू शकतो.